मुक्या जिवाची मूर्च्छा

बंगळूर शहराच्या उत्तरेस, बल्लारीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हेब्बाळ हे ठिकाण आहे. विमानतळाच्या दिशेने धावणाऱ्या मोटारींतील प्रवाशांना एक जुने तळे आणि त्याच्याजवळचा उड्डाणपूल एवढ्याच खुणांनी ते ठाऊक असते. परंतु ज्यांच्या घरी कुत्रे-मांजर आहे किंवा दावणीला गाय आहे, अशा बंगळूरकरांना हेब्बाळ म्हटले की आठवते ते तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात १९५८ साली हे महाविद्यालय निघाले. आज ते ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली आहे, त्याचे मुख्य ठाणे मात्र बंगळुरात नसून दूर बीदरला, म्हणजे मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा सारख्याच सहजपणे कानी पडणाऱ्या सीमाभागात आहे.

अशा रुग्णालयाच्या दारात रोज नाना तऱ्हेचे रुग्ण येतात. त्यांतील सर्वांत अवघड रुग्ण म्हणजे शुद्ध हरपलेला प्राणी. त्याला काय होते आहे हे तो शुद्धीवर असतानाही सांगू शकत नाही. शुद्ध गेल्यावर तर कण्हणेही थांबते. आणि वैद्य कितीही निष्णात असला, तरी त्याचा हात त्या प्राण्याला लागण्यापूर्वी बराच काळ निघून गेलेला असतो. हृदय थांबल्यावर मेंदू प्राणवायूवाचून अवघी काही मिनिटे तग धरतो. बंगळूरच्या रस्त्यांवर त्या मिनिटांत एखादा चौकसुद्धा ओलांडता येत नाही. तेव्हा प्राणी कोसळल्यापासून रुग्णालयाची पायरी लागेपर्यंतच्या काळात घरातले माणूस हाच त्याचा वैद्य. या माणसाने काय करावे, हा प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे नीट पारखलेले उत्तर मिळावयास २०१२ साल उजाडावे लागले. ते इतके उशिरा का मिळाले, याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. कारण बेशुद्ध माणसाला परत आणण्याची विद्या माणसाने फार मोठ्या अंशी कुत्र्यालाच बेशुद्ध करून संपादन केली, आणि त्या विद्येचा वाटा कुत्र्याच्या पदरात पडला तो सर्वांच्या शेवटी.

कुत्र्याविषयी आपल्याकडे माया नव्हती असे मात्र नाही. हेब्बाळहून शहरात आले की कस्तुरबा मार्गावर सरकारी वस्तुसंग्रहालय लागते. तेथे मंड्या जिल्ह्यातील आतकूर गावचा एक शिलालेख आहे. तो दहाव्या शतकाच्या मध्याचा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांनी ९४९ साली तक्कोलमच्या रणांगणावर चोळांचा पराभव केला. त्या लढाईत पराक्रम गाजविणाऱ्या मणलेर नावाच्या वीरास राजाने ‘हवे ते माग’ म्हटले, तेव्हा त्याने गाव मागितला नाही की सुवर्ण मागितले नाही. त्याने राजाची ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री मागून घेतली. पुढे ही काळी एका प्रचंड रानडुकरावर तुटून पडली आणि त्या झुंजीत दोन्ही जनावरे मेली. मणलेराने देवळापुढे तिची शिळा उभी केली, तीवर कुत्री व डुक्कर यांची झुंज कोरविली, जमीन लावून दिली आणि या शिळेची पूजा केल्याखेरीज पुजाऱ्याने अन्न घेऊ नये असा दंडक घातला. वीरासाठी वीरगळ उभारण्याची रीत दक्षिणेत सर्वत्र होती. पण कुत्र्याला असा मान क्वचितच लाभला असेल. मणलेराजवळ काळीसाठी शिळा होती, जमीन होती, पूजा होती. जखमी होऊन पडलेल्या त्या जीवाला वाचविण्याची विद्या मात्र त्याच्यापाशी नव्हती. ती तेव्हा कोणापाशीच नव्हती.

प्राण्यांवरील वैद्यक या देशात फार जुने. अशोकाच्या दुसऱ्या शिलाशासनात मनुष्यचिकित्सा आणि पशुचिकित्सा अशा दोहोंची सोय केल्याची नोंद आहे. शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यक आहे, पालकाप्याच्या नावावर हस्तिवैद्यक आहे. शालिहोत्रावरूनच घोड्यांच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणू लागले आणि तो शब्द इंग्रजांच्या घोडदळातही टिकून राहिला. परंतु या ग्रंथांची नावेच पाहावीत. घोडा आणि हत्ती ही सैन्याची अंगे होती. बैल शेतीचे अंग होता. राजाच्या वा शेतकऱ्याच्या हिशेबात ज्याची किंमत मोठी, त्याच्यासाठी शास्त्र निर्माण झाले. कुत्र्याचा उल्लेख होतो तो बहुधा शिकारीच्या संदर्भात. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ज्ञानकोशसदृश ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ म्हणजे श्वानक्रीडा या विषयाला स्वतंत्र स्थान आहे. हे कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे.

मग आधुनिक काळ आला, आणि मुंबईत कुत्र्यावरून चक्क दंगल झाली. शहरातील मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता व मारलेल्या कुत्र्यामागे इनाम मिळे. इनामाच्या लोभाने लोक घरात शिरूनही कुत्री पकडू लागले, अशी तक्रार होती. जून १८३२ मध्ये पारशी समाजाने याविरुद्ध उठाव केला. दुकाने बंद पडली, किल्ल्यातील व्यवहार थंडावले, आणि शेवटी दंगलीचा कायदा पुकारावा लागला. पारशी धर्मात कुत्र्याला असलेले स्थान या क्षोभामागे होते. मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा त्यांचा ‘सगदीद’ नावाचा विधी प्राचीन आहे. त्याच्या अनेक उपपत्ती सांगतात. त्यांतील एक अशी, की माणूस खरोखर मेला आहे की केवळ निश्चेष्ट पडला आहे हे कुत्रा ओळखतो. उपपत्ती खरी असो वा नसो, मृत्यू व मूर्च्छा यांतील सीमारेषा माणसाला एकट्याने ओळखता येत नाही ही जाणीव तीत आहे, आणि वैद्यकाच्या इतिहासाने ती जाणीव वारंवार खरी ठरविली आहे.

या दंगलीनंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था मुंबईत निघाली. पुढील दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने परळला बाई साकरबाई रुग्णालय झाले, आणि तेथेच १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. लष्करातील पशुवैद्य जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. पांजरापोळात आश्रय मिळे. रुग्णालयात उपचार मिळू लागला. दयेकडून विद्येकडे जाण्याचा हा टप्पा मराठी मुलखात पडला.

सरकारची चिंता तरीही वेगळीच होती. गुरांच्या बुळकांडी रोगाने खेडीच्या खेडी उघडी पडत. त्याच्या संशोधनासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा स्थापन झाली. ती १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविली गेली. म्हैसूर संस्थाननेही पुढे बंगळुरात बुळकांडीची लस तयार करणारी संस्था काढली. हेब्बाळला आज जी पशुआरोग्य व जैविके यांची सरकारी संस्था आहे, ती तिचीच वारस. या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. भारत २००६ साली बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला आणि २०११ मध्ये हा रोग जगातूनच नष्ट झाल्याचे घोषित झाले. देवीखेरीज असे भाग्य दुसऱ्या कोणत्याही रोगाच्या वाट्यास आलेले नाही. परंतु बैलाच्या कळपाला वाचविणारी लस आणि दिवाणखान्यात कोसळलेल्या एका कुत्र्याला हवी असलेली मदत या दोन भिन्न गोष्टी होत्या, आणि दुसरीसाठी कोणी पैसा खर्चीत नव्हते.

पैसा खर्च होत होता तो माणसासाठी. व्हेसेलियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने १५४३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले होते की, डुकराच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकर मारली तर मरू घातलेला जीव पुन्हा सचेतन होतो. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १६६७ साली रॉबर्ट हूक यांनी एका कुत्र्याची छाती उघडून, भात्याने त्याच्या फुप्फुसात वारा भरून, त्याला तासाहून अधिक काळ जिवंत ठेवले. श्वास घेण्याची हालचाल नव्हे, तर फुप्फुसाला मिळणारी ताजी हवा जीव राखते, हे त्यातून सिद्ध झाले. यापूर्वी तीन वर्षे हूक यांनी असाच प्रयोग केला होता, आणि त्या प्राण्याच्या यातना पाहून आपण हे पुन्हा क्वचितच करू असे त्यांनी रॉबर्ट बॉइल यांना कळविले होते. तरीही त्यांनी तो पुन्हा केला. शास्त्रज्ञाचे मन असेच दुभंगलेले असते. त्याला दोष देणे सोपे, पण त्या प्रयोगाचा लाभ नाकारणारा माणूस सापडणे कठीण.

या कथेतील दख्खनचा अध्याय फारसा कोणाला माहीत नाही. शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मचा उपयोग १८४७ साली सुरू झाला आणि वर्षही उलटण्यापूर्वी, जानेवारी १८४८ मध्ये, पायाचे नख काढण्यासाठी भूल दिलेली एक पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी दगावली. तेव्हापासून वैद्यांत वाद पेटला. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की आधी हृदय? उत्तरावर पुढची सारी कृती अवलंबून होती. भूल देणाऱ्याने नाडी धरून बसावे की छातीकडे पाहावे, हे त्यावरूनच ठरणार होते. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी हे श्वासवाद्यांचे कट्टर पुढारी. निजाम सरकारच्या आश्रयाने त्यांनी १८८८ साली पहिला आयोग नेमविला आणि शंभराहून अधिक कुत्र्यांवर प्रयोग केले. लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकांनी शंका काढताच निजामाने खर्चाची तयारी दाखविली. लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधिशास्त्रज्ञ १८८९ मध्ये हैदराबादेस आले, आणि दुसऱ्या आयोगाने चारशेहून अधिक प्राण्यांवर पुन्हा प्रयोग केले. त्यांत कुत्र्यांचाच भरणा मोठा होता. पुढे जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत ज्यांची गणना झाली, त्या रूपाबाई फर्दूनजी हैदराबादच्या याच वैद्यकशाळेत लॉरी यांच्या हाताखाली तयार झाल्या. मराठवाडा आणि बीदर हे दोन्ही प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यातच होते.

आयोगाने निर्वाळा दिला की श्वासच आधी थांबतो व हृदय मागाहून थांबते. म्हणून वेळीच कृत्रिम श्वासोच्छ्वास दिला तर जीव वाचतो. हा निर्वाळा अर्धाच खरा होता. गुडमन लेव्ही या संशोधकाने १९११ साली मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदय एकाएकी विस्कळीत थरथरू लागते आणि प्राणी क्षणात मरतो. लॉरी यांच्या आग्रहाची किंमत किती रुग्णांना मोजावी लागली असेल, ते सांगता येत नाही. पण खऱ्या असलेल्या अर्ध्या भागाचे महत्त्व मोठे होते. श्वास थांबणे म्हणजे मृत्यू नव्हे. त्यानंतर काही काळ हृदय चालत असते आणि त्या फटीत मनुष्याला हात घालता येतो, हे हैदराबादच्या शेकडो निनावी कुत्र्यांनी दाखविले.

हृदयच थांबले तर काय, हा प्रश्न उरला. रुडॉल्फ बोएम यांनी १८७८ मध्ये क्लोरोफॉर्मने हृदय थांबलेल्या मांजरांची छाती बाहेरून तालबद्ध दाबून ती जगविली होती. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. जिनीव्हा येथे प्रेव्हो आणि बातेली यांनी १८९९ साली कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले. विजेच्या सौम्य धक्क्याने हृदय थरथरू लागते आणि तीव्र धक्क्याने ती थरथर थांबते असे त्यांना आढळले. तेही विस्मृतीत गेले. पुढे अमेरिकेत वीज कंपन्यांचे तारकामगार धक्क्याने मरू लागले, तेव्हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवनहोवन या विद्युत्‌-अभियंत्याने हा विषय पुन्हा हाती घेतला, आणि पुन्हा प्रयोगशाळेत कुत्रे आले. १९५८ साली त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या ध्यानात एक गोष्ट आली. विजेचा धक्का देण्यासाठी जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर दाबून धरल्या की, धक्का देण्यापूर्वीच त्याच्या धमनीतील रक्तदाब किंचित वाढतो. छाती नुसती दाबली तरी रक्त पुढे सरकते! शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांनी या निरीक्षणाचा पाठपुरावा केला आणि जुलै १९६० मध्ये अमेरिकन वैद्यकसंघाच्या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. वीस रुग्णांवर त्यांनी हा उपाय योजला होता; त्यांतील चौदा वाचले होते. ना शस्त्र, ना यंत्र. आज जगभर शाळा-कचेऱ्यांतून छाती दाबण्याची जी रीत शिकवितात, तिचा जन्म असा झाला.

त्याच वर्षी, डिसेंबर १९६० मध्ये, भारताच्या संसदेने संमत केलेल्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत वर्षानुवर्षे केलेल्या पाठपुराव्याचे ते फळ. प्राण्यांवरील प्रयोग त्याने बंद केले नाहीत. पण प्रयोगात अकारण वेदना होऊ नये, भूल दिलेली असावी, यावर देखरेख ठेवण्याची तरतूद केली.

माणसासाठीच्या पुनरुज्जीवनाच्या नियमावल्या त्यानंतर वरचेवर सुधारत गेल्या. पशुवैद्य मात्र माणसासाठी लिहिलेले नियम अंदाजाने कुत्र्या-मांजरांना लावीत राहिले. माणूस उताणा झोपतो, त्याची छाती रुंद व चपटी. बहुतेक कुत्र्यांची छाती उभट व खोल. मूळ पुरावा कुत्र्यावरच गोळा झाला होता, पण तो कुत्र्यासाठी कोणी मांडून ठेवला नव्हता. अखेर डॅनियल फ्लेचर आणि मॅन्युएल बोलर या दोघांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक पशुवैद्यक-तज्ज्ञांनी सारे वाङ्मय धुंडाळून २०१२ साली कुत्र्या-मांजरांसाठी पहिली साधार नियमावली प्रसिद्ध केली. २०२४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. कौवनहोवन यांच्या निबंधापासून मोजले तर हे ऋण फेडावयास बावन्न वर्षे लागली.

या नियमावलीतून घरच्या माणसाने काय उचलावे? पहिली गोष्ट अशी की, बेशुद्ध पडलेल्या प्रत्येक प्राण्याचे हृदय थांबलेले नसते. अपस्माराचा झटका, ऊन, विष, विजेचा धक्का, घशात अडकलेले हाड यांपैकी काहीही कारण असू शकते, आणि श्वास चालू असेल तर छाती दाबावयाची नसते. म्हणून आधी हाक मारावी, अंगाला स्पर्श करावा, छाती वरखाली होते की नाही ते पाहावे. या पाहणीला दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक वेळ देऊ नये. नाडी शोधीत बसू नये. तज्ज्ञांचीही तीत फसगत होते. विजेचा संशय असेल तर हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. या घाईत स्वतःला विसरलेली माणसे प्राण्याआधी स्वतःच बळी पडतात.

श्वास चालू असल्यास प्राण्याला कुशीवर निजवावे, मान सरळ ठेवावी, जीभ पुढे ओढून घ्यावी आणि तोंड किंचित खाली राहील असे करावे, म्हणजे ओकारी वा लाळ श्वासनलिकेत जाणार नाही. आपल्या घरांतून या वेळी जे उपाय हटकून होतात, ते करू नयेत. तोंडात पाणी किंवा दूध ओतले तर ते फुप्फुसात उतरते. कांदा फोडून नाकाशी धरण्याने झटका थांबत नाही. विष बाहेर काढण्यासाठी मिठाचे पाणी पाजणे बेशुद्ध प्राण्याच्या बाबतीत प्राणघातक ठरते. झटका चालू असता दातांत चमचा किंवा बोट घालू नये. आजूबाजूचे टणक सामान दूर करावे, दिवा मंद करावा आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांपलीकडे चाललेला झटका हा आणीबाणीचा प्रसंग समजावा. उष्माघात असल्यास मात्र धावत रिक्षा गाठण्यापूर्वी तेथेच अंग साध्या पाण्याने भिजवून वारा घालावा, आणि मग निघावे. थंड हवेच्या बंगळुरातही बंद मोटारीत ठेवलेले आखूड नाकाचे कुत्रे पाहता पाहता मरणाच्या दारी जाते.

श्वास नसेल तर हात चालवावे लागतात. प्राण्याला कुशीवर ठेवून छातीची जाडी एक-तृतीयांश ते निम्मी दबेल इतक्या जोराने, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा दाब द्यावा, आणि दर वेळी छाती पूर्ण फुगू द्यावी. कोठे दाबावे हे प्राण्याच्या बांध्यावर अवलंबून असते. घोरपड्यांच्या संस्थानात जोपासलेल्या मुधोळ जातीच्या, किंवा आपल्याकडे जिला कारवानी म्हणतात त्या सडपातळ शिकारी कुत्र्याची छाती नावेच्या तळासारखी खोल असते; तेथे थेट हृदयावर, म्हणजे पुढच्या पायाच्या कोपराजवळ दाब द्यावा. भरीव गोल छातीच्या कुत्र्याला छातीच्या सर्वांत रुंद भागावर, आणि बुलडॉगसारख्या पसरट छातीच्या कुत्र्याला उताणे करून उरोस्थीवर दाबावे. मांजर असेल तर एका हाताच्या मुठीत छाती धरून दाबता येते. तीस दाबांनंतर, तोंड मिटून धरून, नाकपुड्यांतून दोन फुंकरी द्याव्यात. दोन मिनिटांनी हात थकतात. तेव्हा दुसऱ्याने बसावे, आणि ही अदलाबदल रिक्षातही चालू ठेवता येते.

यात एक अट आपल्या देशासाठी फार महत्त्वाची आहे. ज्याला लस टोचलेली नाही किंवा ज्याची माहिती नाही, अशा कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेऊ नये. पिसाळ रोग लाळेतून येतो आणि त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की बहुधा काहीच करता येत नाही. अशा वेळी केवळ छाती दाबावी, आणि लाळ खरचटलेल्या जागी लागली असेल तर साबण व वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी माणसाच्या दवाखान्यात जावे. आपलाच प्राणी शुद्धीवर येतानाही भयाने चावतो, हेही विसरू नये.

यशाचे प्रमाण किती, ते लपविण्यात अर्थ नाही. नियमावलीच्या कर्त्यांनी २०१२ साली नोंदविल्याप्रमाणे रुग्णालयात हृदय थांबलेल्या माणसांपैकी सुमारे वीस टक्के जिवंत घरी जातात. कुत्र्या-मांजरांत हे प्रमाण सहा टक्क्यांहूनही कमी आढळले. भूल दिलेली असताना हृदय थांबले तर मात्र त्यांतील निम्मे प्राणी वाचू शकतात, कारण तेथे सारे हात आणि सारी साधने जवळ असतात आणि एक क्षणही वाया जात नाही. हैदराबादच्या आयोगाने ज्या फटीविषयी लिहिले, ती हीच. श्वास चालू असलेल्या, केवळ शुद्ध हरपलेल्या प्राण्याची गोष्ट याहून कितीतरी आशादायक आहे. तेथे जीभ पुढे ओढणे, अंग भिजवणे, दूध न पाजणे एवढ्यानेही पारडे फिरते.

मग प्राण्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर उचलावे, रुग्णालय उघडे आहे याची दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी, आणि विषाचा संशय असल्यास त्याचे पुडके वा डबी बरोबर न्यावी. हेब्बाळच्या दारात उभा असलेला पशुवैद्य पहिल्याने विचारील ते हे की, प्राणी किती वाजता पडला, श्वास केव्हा थांबला, हिरड्यांचा रंग गुलाबी होता की पांढरा. घाबरलेल्या माणसाला या प्रश्नांची उत्तरे आठवत नाहीत. त्यासाठी निघताना पंचांगाच्या मागे किंवा हाताशी असेल त्या कागदावर वेळ टिपून घेतली, तर तपासणी त्या आकड्यापासून सुरू होते.